शोकेसमधलं आइस्क्रीम

बँकेत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठलीही वस्तू दिसली की आधी तिची किंमत दिसते. त्यातून तो बी.कॉम. असला तर किमतीच्याही आधी घसारा दिसतो. लग्नात बायकोच्या गळ्यात मंगळसूत्र घालताना मी मनातल्या मनात 'एकूण वजन, वजा काळे मणी, निव्वळ वजन' असा हिशेब केला होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. हा लेख छापून आल्यावर कळेलच.

तर अशा माणसाच्या घरात गेल्या दिवाळीच्या सुमाराला एक वस्तू आली आणि तिची किंमत काही केल्या निघेना. अमेरिकेतला आमचा भाचा दोन दिवस राहून गेला आणि जाताना एक चकचकीत पाकीट ठेवून गेला. "मामा, हे अंतराळवीरांचं आइस्क्रीम," तो म्हणाला. फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, वितळत नाही, हाताला गार लागत नाही. पाकिटावर हेल्मेट घातलेला एक गृहस्थ तरंगत होता. वजन एकवीस ग्रॅम. आमच्या हिने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि शोकेसमध्ये ठेवलं. आमच्या शोकेसमध्ये प्लॅस्टिकचा ताजमहाल, कोकणातून आणलेला शंख आणि मला कॉलेजात वक्तृत्वाबद्दल (उत्तेजनार्थ) मिळालेली ढाल आहे. ढाल मागे सरकली आणि आइस्क्रीम पुढे आलं.

तेलगावात बातमी पोचवायला वर्तमानपत्र लागत नाही. बीड, परळी, माजलगाव आणि धारूर अशा चारी दिशांचे रस्ते इथल्या चौकात भेटतात. सकाळी चौकात बोललेलं वाक्य दुपारच्या एस.टी.ने चार तालुके हिंडून संध्याकाळी परत येतं आणि येताना थोडं जाड होऊन येतं. तिसऱ्या दिवशी आमचे शिपाईमामा मला म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं चंद्रावरचं आइस्क्रीम हाय म्हनं." शेजारचे मास्तर पाहायला आले आणि "जपून ठेवा, पुढे लाखात जाईल" असं सांगून चहा पिऊन गेले. सोनेतारणाच्या दागिन्यांची पारख करायला आमच्या शाखेत येणारे सराफ तर थेट धंद्याचंच बोलले. "साहेब, ह्याला कसोटी कोणती?"

प्रश्न बरोबर होता. सोन्याला कसोटीचा दगड असतो, नोटेला पाण्यातला गांधीबाबा असतो. अंतराळात जाऊन आलेल्या खाण्याला काय असतं?

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ह्या सगळ्या चर्चेत एकच वाक्य टाकलं. "खायची वस्तू हाय ना? मग खा की."

अण्णांच्या तोंडी हे वाक्य यावं ह्याचं आम्हाला नवल वाटलं, कारण दीड वर्षापासून स्वतः अण्णा काहीच खात नव्हते. म्हणजे ताटावर बसत, अर्धी भाकरी मोडत, वरणात बोट बुडवत आणि "झालं" म्हणून उठत. आई गेल्यापासून हे असं चाललं होतं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळे आकडे बरोबर निघाले. फक्त काटा एकसष्टावरून बावन्नावर आला. ही रोज नवीन काहीतरी करायची. शेंगोळे झाले, धपाटे झाले, मेथीची पातळ भाजी झाली. ताट परत जायचं ते जवळजवळ तसंच. मग ही स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आवाज करून घासायची.

अण्णांची नोकरी साखर कारखान्याच्या काट्यावर गेली. उसाची गाडी काट्यावर चढली की भरलं वजन, उतरली की रिकामं वजन, उरला तो ऊस. आयुष्यभर दुसऱ्याच्या वजनाची चोख नोंद ठेवणाऱ्या माणसाचं स्वतःचं नऊ किलो कुठे गेलं, ह्याची नोंद कुठेच नव्हती.

असो. मी पाकिटाच्या मागे लागलो. रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलवर वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांना सांगायचं, असा क्रम बसला. त्यांना ऐकायला आवडत होतं. निदान ते "झालं" म्हणून उठत नव्हते.

सुरुवात अर्थातच रशियनांनी केली. गागारिन १९६१च्या एप्रिलमध्ये १०८ मिनिटांत जाऊन आला. त्यानेही टूथपेस्टसारखी नळी पिळून थोडं तोंडात घातलं, पण ती चव पाहणं झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तितोव्ह गेला, दिवसभराहून अधिक राहिला आणि वर रीतसर जेवला. खाल्लेलं त्याला मानवलं नाही. अंतराळात पहिल्यांदा उलटी होण्याचा मानही त्याच्याचकडे जातो. त्या वेळी शास्त्रज्ञांना खरी धास्ती होती की वजन नसलं तर घास घशाखाली उतरेल का. १९६२च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या जॉन ग्लेनने नळीतून सफरचंदाचा गर खाऊन तो उतरतो हे दाखवून दिलं. "घास काय वजनानं उतरतो व्हय?" अण्णा म्हणाले. मी गप्प बसलो.

पण ह्या सगळ्यात माझा आवडता माणूस जॉन यंग. १९६५च्या मार्चमध्ये जेमिनी-३ यानातून तो आणि गस ग्रिसम वर गेले. सरकारने अभ्यास करून, पैसे खर्च करून बनवलेलं जेवण बरोबर होतं. वर गेल्यावर यंगने अंतराळपोशाखाच्या खिशातून चक्क सँडविच काढलं! त्यांच्याच एका सहकाऱ्याने, वॉली शिराने, तळाजवळच्या हॉटेलातून घेऊन ते त्याच्या हवाली केलं होतं. खारवलेल्या मांसाचं, राईच्या ब्रेडचं. ग्रिसमने एक घास घेतला, ब्रेडचा चुरा उडायला लागला आणि त्याने ते खिशात कोंबलं. सगळा प्रकार काही सेकंदांचा. पण चुरा वजनरहित जागेत खाली बसत नाही. तो तरंगतो आणि यंत्रात शिरतो. म्हणून तर सरकारी खाण्याचे तुकडे एका घासात मावतील एवढे करून त्यांवर जिलेटिनचा थर देत. अमेरिकेच्या संसदेच्या समितीत ह्या सँडविचवरून प्रश्न विचारले गेले आणि असं पुन्हा होणार नाही अशी हमी नासाच्या अधिकाऱ्यांना द्यावी लागली.

मला ही गोष्ट फार जवळची वाटते. सरकारी कँटीनचं सोडून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये घरच्या चिवड्याची पुडी ठेवणारा कारकून जगात कुठेही सापडतो. फरक एवढाच की आमचा चुरा लेजरमध्ये सापडायचा आणि आता कीबोर्डमध्ये सापडतो. यंगचं काही वाईट झालं नाही. पुढे १९७२ साली तो चंद्रावर चालला आणि १९८१ साली पहिलं स्पेस शटल त्यानेच नेलं. त्या उड्डाणाच्या जेवणात खारवलेलं मांस अधिकृतपणे होतं. आणि ग्रिसमच्या इंडियाना राज्यातल्या मिचेल ह्या गावी त्याचं स्मारक आहे, तिथे पारदर्शक ठोकळ्यात बसवलेलं एक सँडविच ठेवलं आहे. ते मूळ नव्हे, नमुना आहे. सँडविचच्याही खऱ्या नकलेला काचेआड जागा मिळते, हे वाचून मी आमच्या शोकेसकडे आदराने पाहिलं.

आता कसोटीकडे येतो. ह्या वस्तू जमवणाऱ्यांचे दोनच वर्ग असतात, 'वर जाऊन आलेली' आणि 'न गेलेली'. दोन्ही पाकिटं एकाच कारखान्यातली, आतला माल एकच, पण जाऊन आलेल्या पाकिटाचा भाव कुठल्या कुठे. त्याला अंतराळवीराच्या सहीचं पत्र जोडलेलं असलं तर आणखी. म्हणजे आमच्याकडे जसा जामीनदार लागतो तसा. अपोलोच्या पाकिटांवर कपड्याला लावतात तशी चिकटपट्टी असे, लाल, पांढरी आणि निळी. यानातल्या तिघांचा प्रत्येकाचा रंग ठरलेला, म्हणजे कुणी कुणाचं खाऊ नये. लाल कमांडरची. शिवाय चिठ्ठीवर किती औंस पाणी घालायचं, किती मिनिटं ठेवायचं, ते छापलेलं. पारखी माणूस ह्या खुणा आम्ही चेकवरची सही बघतो तशा बघतो.

आतला माल म्हणजे गोठवून वाळवलेलं अन्न. आधी पदार्थ कडक गोठवायचा, मग हवा काढून घेतलेल्या पेटीत ठेवायचा. त्यातल्या बर्फाचं पाणी न होता एकदम वाफ होते. पदार्थ हलका, कोरडा, वर्षानुवर्षं टिकणारा. हे ऐकल्यावर ही आतून म्हणाली, "म्हणजे सांडगेच की!" तत्त्व थोडं निराळं आहे, पण गच्चीवरच्या उन्हाला निर्वात पेटी म्हटलं तर सांडगेच. चंद्रावरचं पहिलं जेवणही ह्याच सांडगे-कुरडयांच्या घराण्यातलं. १९६९च्या जुलैत आर्मस्ट्राँग आणि आल्ड्रिन उतरले तेव्हा त्यांच्या पुढ्यात डुकराच्या मांसाचे चौकोन, पीच, साखरी बिस्किटांचे तुकडे, फळांचं सरबत आणि कॉफी होती.

आणि इथे मला पहिल्यांदा ती गोष्ट लक्षात आली. जी पाकिटं आज संग्रहालयात आहेत आणि लिलावात येतात, ती सीलबंद आहेत. सीलबंद म्हणजे न खाल्लेली. अपोलोवाल्या बहुतेकांचं वजन घटून आलं, कारण त्यांना तिथे जेवण जाईना. चव लागत नाही, नाक चोंदतं, काम असतं, मन नसतं. डबा भरून नेला आणि तसाच परत आणला. १९६८च्या नाताळात अपोलो-८ मध्ये तिघांसाठी ब्रँडीच्या छोट्या बाटल्या लपवून ठेवलेल्या होत्या. कमांडर बोरमनने पिऊ दिली नाही. न उघडलेल्या बाटल्या परत आल्या आणि त्यातली लव्हेलची पुढे लिलावात गेली. प्यायला असता तर ती त्याच दिवशी कचऱ्यात गेली असती.

बी.कॉम.ला आम्हाला शिलकी मालाची किंमत शिकवली होती. खरेदीची किंवा बाजाराची, जी कमी असेल ती. इथे उलटा न्याय. माल जितका शिलकी, जितका जुना, जितका न खपलेला, तितका महाग. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमान आणि अंतराळ संग्रहालयात अपोलोची जेवणाची पाकिटं निगुतीने जपून ठेवली आहेत. ज्या बाईने किंवा बुवाने ते अन्न रांधलं, त्याला हे बघून काय वाटत असेल? मी हा प्रश्न मोठ्याने विचारला. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मी विषय बदलला.

विषय बदलायला झुरळं उपयोगी पडली. चंद्रावरून आणलेली माती विषारी नाही ना, हे पाहायला अपोलो-११च्या मातीतली थोडी झुरळांना खाऊ घातली होती. मिनेसोटा विद्यापीठातल्या मॅरियन ब्रूक्स ह्या कीटकशास्त्रज्ञ बाईंनी त्या झुरळांच्या पोटातली माती काढून अभ्यासली. झुरळांना काही झालं नाही. २०२२ साली बोस्टनच्या एका लिलावघरात ती सुमारे चाळीस मिलिग्रॅम माती आणि तीन मेलेली झुरळं विक्रीला निघाली. अपेक्षा किमान चार लाख डॉलरची. नासाने 'ही मालमत्ता आमची आहे' म्हणून लिलाव थांबवला. अमेरिकेत २०१२ साली कायदाच झाला आहे. त्या काळातल्या अंतराळवीरांनी आठवण म्हणून ठेवलेल्या वस्तू त्यांच्या, पण चंद्राचे दगड सरकारचे. दगड झुरळाच्या पोटातून गेला तरी सरकारचाच. हे ऐकून अण्णा हसले. पुष्कळ दिवसांनी.

खरे रंगले ते स्कायलॅबवर. १९७३ साली अमेरिकेने वर ठेवलेल्या ह्या प्रयोगशाळेत जेवायला टेबल होतं, शीतपेटी होती आणि खरं, गार आइस्क्रीम होतं. पण तिथे प्रत्येकाने किती खाल्लं ह्याचा काटेकोर हिशेब असे. ताटात उरलेलं मोजून लिहायचं. अण्णा एकदम सरसावून बसले. "वर वजनच नसतं म्हणतोस. मग मोजलं कशानं?"

मी म्हणालो, "झोका देऊन. स्प्रिंगवर ठेवायचं आणि हलवायचं. जड वस्तू सावकाश हेलकावे घेते, हलकी भराभर. हेलकाव्याला लागलेल्या वेळावरून वजन. माणसांना मोजायलाही तसलीच खुर्ची होती."

अण्णांनी तीनदा समजून घेतलं. मग पाळण्याची दोरी धरल्यासारखा हात हलवून बघितला. "म्हणजे भरल्या गाडीला हेलकावा कमी," ते म्हणाले, "आन् रिकामी लई नाचती. बरोबर हाय. काट्यावर बैल फिरायचे तवा बघितलंय." ते रात्री उशिरापर्यंत त्यावर बोलत होते. जेवायला बसले आणि नेहमीपेक्षा चतकोर जास्त खाल्लं. ही काही बोलली नाही, पण मला दिसलं, तिने मोजलं होतं.

हेच स्कायलॅब ११ जुलै १९७९ला खाली आलं. माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण आजी सांगायची. ते आपल्याच डोक्यावर पडणार अशी आवई उठली होती. गावात लोकांनी राखलेल्या कोंबड्या खाऊन टाकल्या आणि आजीने दिवाळीचं राखलेलं तूप काढून सगळ्यांच्या ताटात वाढलं. स्कायलॅबचे तुकडे पडले ऑस्ट्रेलियात. दिवाळीला आमच्याकडे तूप नव्हतं. आजी म्हणायची, तसं जेवण परत झालं नाही.

आपला माणूस वर गेला १९८४ साली, ३ एप्रिलला. राकेश शर्मा सात दिवस एकवीस तास राहून आले. त्यांच्यासाठी म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सुजीचा हलवा, आलू-छोले आणि भाजीचा पुलाव तयार करून दिला होता. १९६१ साली लष्करासाठी स्थापन झालेली ही संस्था. डोंगरावरच्या जवानाला टिकणारी चपाती देता देता तिने हलवा थेट वर पाठवला. शर्मांनी तो रशियन सोबत्यांना वाढला. म्हणजे आपल्या माणसाने शिल्लक ठेवण्याऐवजी पंगत केली. लिलावाच्या दृष्टीने केवढं नुकसान! इंदिराबाईंनी वरून भारत कसा दिसतो विचारलं आणि त्यांनी दिलेलं उत्तर सगळ्या देशाला पाठ आहे. अण्णांची मात्र तक्रार आहे की आधी 'जेवलास का' हे विचारायला पाहिजे होतं.

त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी, २०२५च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. बरोबर गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस. आमरस म्हटल्यावर अण्णा थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "तुझी आई त्यात सुंठ घालायची." एवढंच.

राहता राहिलं आमचं पाकीट. त्याचा निकाल वाईट लागला. असलं वाळवलेलं आइस्क्रीम नासासाठी बनवलं गेलं होतं हे खरं. ते १९६८ साली अपोलो-७ बरोबर गेलं असंही सांगतात. पण त्याच यानातले वॉल्टर कनिंगहॅम यांनी नंतर सांगितलं की आम्ही तसलं काही खाल्लं नाही. संग्रहालयांच्या दुकानांत मात्र ते पोत्यांनी खपतं. म्हणजे आमची वस्तू 'न गेलेली', एवढंच नाही, तर ज्या वर्गातलं कोणी गेलंच नसावं अशा वर्गातली. अंदाजे किंमत चार-पाच डॉलर, वजा घसारा. मी हे घरात कोणाला सांगितलं नाही. मास्तरांच्या लाखाचं काय करायचं हा प्रश्न होता.

तो अण्णांनी सोडवला. डिसेंबरातली गोष्ट. रात्री साडेबाराला बाहेरच्या खोलीत खुडबूड ऐकू आली. चोर असावा म्हणून मी वक्तृत्वाची ढाल घ्यायला शोकेसकडे गेलो. शोकेस उघडं. खुर्चीवर अण्णा. मांडीवर फोडलेलं पाकीट, पुढ्यात त्यांची जुनी पितळी तागडी.

"अण्णा, काय करायलात?"

"एकवीस ग्रॅम लिवलंय," ते म्हणाले, "बघितलं. भरलंय बरोबर. तूट नाही." मग त्यांनी गुलाबी भागाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. तपकिरी आणि पांढरा भाग आधीच संपला होता.

"कसं लागतंय?"

ते बराच वेळ चघळत राहिले. "आधी खडू. मग दूध. म्हशीचं न्हाई पण." बोटावरचा चुरा त्यांनी नीट टिपून खाल्ला. यंत्रात जाऊ नये म्हणून असेल. "अजून एक हाय का?"

"नाही. एकच होतं."

"एकच आणलं व्हय भाच्यानं?" ते जरा रागानेच म्हणाले.

तोवर ही उठून दारात आली होती. तिने शोकेसकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. ती म्हणाली, "अण्णा, पिठलं टाकू का?"

"टाक," अण्णा म्हणाले, "पण पातळ कर. आन् भाकरी गरम."

रात्री एक वाजता आमच्या घरी तवा चढला. अण्णांनी दीड भाकरी खाल्ली. मी मोजत होतो, तीही मोजत होती.

मास्तर परवा पुन्हा आले होते. पाकीट हिने धुऊन, पुसून परत शोकेसमध्ये ढालीच्या पुढे ठेवलं आहे. "हे रिकामं कसं?" मास्तर म्हणाले. ही म्हणाली, "रिकामंच असतं ते," आणि चहा टाकायला आत गेली.